शिरढोणचे फडक्यांचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त केलेले भाषण)



मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले. पुढची शाळा चुलीपाशी आणि पाळण्यापाशी झाली. परंतु यंदा कार्यवाहबाईंनी आग्रहच धरला की, दर वर्धापनदिनाला बाहेरचाच वक्ता कशाला? आपल्यातलीच कोणीतरी काही वाचून, माहिती जमवून बोलू दे. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझेच नाव निघाले. मग वाचनालयातून वासुदेव बळवंत फडके यांच्याविषयीची पुस्तके आणली, दुपारची झाकपाक झाली की रोज दहा-बारा पाने वाचली, आणि त्यातले जे मनाला लागले ते आज आपल्यापुढे ठेवते आहे. गोड मानून घ्यावे.

वासुदेव बळवंतांचे नाव आपल्याला नवे नाही. आद्य क्रांतिकारक म्हणून शाळेतल्या पोराबाळांनाही ते ठाऊक असते. मुंबईत मेट्रो सिनेमापाशी त्यांच्या नावाचा चौक आहे. १९८४ साली त्यांचे टपालाचे तिकीट निघाले. २००७ साली त्यांच्यावर चित्रपट आला. तेव्हा त्यांची थोरवी मी सांगावी असे काही उरलेले नाही. मी आज बोलणार आहे ती त्यांच्या घराविषयी. घर म्हणजे काही एकटा पुरुष नव्हे. घरात आजा असतो, आई असते, बायको असते, लेक असते. ही माणसे कशी जगली आणि कशी गेली हे एकत्र पाहिले, म्हणजे एका माणसाच्या देशकार्याची किंमत घरातल्या कोणाकोणाला मोजावी लागली ते कळते.

हे घर आपल्याला किती जवळचे आहे ते आधी सांगते. आपल्या खालापुराहून चौकावरून पनवेलकडे निघाले की पळस्पे फाटा लागतो. तिथून गोव्याच्या रस्त्याला वळले की थोड्याच वेळात शिरढोण येते. समोर कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका उभा असतो. महाडला, अलिबागला, पेणला जाताना आपण कितीदा त्या गावावरून गेलो असू. पूर्वी पुण्याहून शिरढोणला यायचे म्हणजे बोरघाट उतरून खोपोली, खालापूर, चौक असाच सडकेचा रस्ता होता. १८६३ साली घाटातून आगगाडी सुरू झाली आणि कर्जतही त्या वाटेवर आले. म्हणजे या घरातले सुखदुःख पुण्याकडून शिरढोणला आणि शिरढोणहून पुण्याला गेले ते आपल्याच दारावरून गेले, असे म्हणायला हरकत नाही.

आता घरातल्या थोरल्या माणसापासून सुरुवात करते. वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली पेशवाई बुडाली, त्याच साली कर्नल प्रॉथरच्या फौजेने कर्नाळा घेतला. किल्ला गेला, किल्लेदारी गेली, आणि आजोबा खाली शिरढोणच्या घरात येऊन राहिले. रोज सकाळी उठून अंगणात यावे तर डोळ्यांसमोर तोच सुळका, आणि त्यावर आता आपली सत्ता नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची अशी एखादी सल असते. ती नातवंडांना गोष्टीच्या रूपाने कळते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेवाचा जन्म झाला, तो या घरात. मुलाच्या कानावर लहानपणापासून किल्ल्याच्या, लढाईच्या, गेलेल्या राज्याच्या गोष्टी पडल्या. म्हणून मला वाटते की या घराण्यातले पहिले मरण माणसाचे नव्हे, ते १८१८ सालच्या किल्लेदारीचे.

वासुदेवाच्या वडिलांचे नाव बळवंतराव आणि आईचे सरस्वतीबाई. सरस्वतीबाईंचे माहेर कल्याणचे. मुलाचे शिकणे थोडे कल्याणला, थोडे मुंबईला, थोडे पुण्याला असे झाले. पुढे नोकरी लागली. आधी मुंबईला रेल्वेत, आणि मग पुण्याला लष्करी हिशेबाच्या कचेरीत. घरचा मुलगा सरकारी नोकरीला लागला म्हणजे त्या काळी आईला केवढा आनंद झाला असेल! आजही होतो. आपल्यापैकी कितीजणींचे मुलगे मुंबईला, पुण्याला, रसायनीच्या नाहीतर खोपोलीच्या कारखान्यात आहेत. महिन्याला पगार घरी येतो, पण मुलगा मात्र सणावारालाच दिसतो.

इथेच या घराची खरी गोष्ट सुरू होते. १८७० च्या सुमारास सरस्वतीबाई शिरढोणला आजारी पडल्या. दुखणे वाढल्याचा निरोप पुण्याला गेला. वासुदेवरावांनी साहेबाकडे रजा मागितली. रजा वेळेवर मिळाली नाही. शेवटी रजेची वाट न पाहता ते घाट उतरून घरी आले, पण तोवर आई गेली होती. चरित्रकार पुढे असेही सांगतात की, दुसऱ्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धाला रजा मागितली, तर तीही मिळाली नाही. पुस्तकात हे चार-सहा ओळींत येते, आणि बहुतेक जण ते कारण म्हणून वाचतात. म्हणजे इंग्रजाविषयी त्यांच्या मनात राग कसा उत्पन्न झाला त्याचे कारण. मी मात्र त्या ओळींवर थांबले. मला त्या माजघरातल्या सरस्वतीबाई दिसल्या. अंथरुणाला खिळलेली आई. उंबऱ्यात पाऊल वाजले की मान वळवून बघायची. घरातल्या बायका सांगत असतील, "येईल हो आज, गाडीला बसला असेल." गंगेचे पाणी, तुळशीचे पान उशाशी ठेवलेले असेल. आणि जीव काही निघत नसेल, कारण तो मुलात अडकलेला.

भगिनींनो, आपल्याकडे म्हणतात, मरण चुकत नाही पण तोंड दिसावे. त्या माउलीला ते दिसले नाही. इतिहासात हे रजेच्या अर्जाचे प्रकरण झाले. घरात ते आईचे मरण होते.

आता सूनबाईंकडे येते. वासुदेवरावांचे पहिले लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयात, पंधराव्या वर्षाच्या आतबाहेर झाले. पत्नीचे नाव सईबाई. सईबाईंच्या पोटी एक मुलगी झाली, तिचे नाव मथुताई. आईच्या मरणानंतर दोन-तीन वर्षांतच सईबाईही गेल्या. ऐन तारुण्यात गेल्या. पुस्तकात त्यांच्याविषयी इतकेच आहे: लग्न झाले, मुलगी झाली, वारल्या. मी हे वाचत होते तेव्हा माझ्या शेजारची वहिनी निवडण-टिपण करीत बसली होती. ती म्हणाली, "एवढेच? तीन शब्दांत संपली?" खरेच आहे. त्या काळी घरोघर अशा सईबाई होत्या. बाळंतपणात, तापात, साथीत बाई जायची आणि वर्षाच्या आत दुसरी यायची. पहिलीचे नाव एखाद्या देवकात, एखाद्या टाकात राहायचे. सवाष्ण गेली म्हणून अविधवा नवमीला तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालायची, तेवढेच तिचे स्मारक.

आणि त्या मथुताईचा विचार करा. आई लहानपणी गेली. काही वर्षांत वडील रानावनात गेले, मग पकडले गेले, मग समुद्रापार गेले आणि तिकडेच वारले. म्हणजे वडिलांच्या देहाला अग्नी देतानाही घरच्या कोणाला पाहता आले नाही. आईविना पोर म्हणतात. या पोरीला बापही असून नसल्यासारखाच.

सईबाईंच्या मागे १८७३ च्या सुमारास वासुदेवरावांचे दुसरे लग्न झाले. ही मुलगी जुन्नरच्या कुंट्यांची. सासरचे नाव गोपिकाबाई. या गोपिकाबाईंविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे.

वासुदेवरावांनी पत्नीला लिहावाचायला शिकवले. आज याचे काही वाटणार नाही, पण तो काळ आठवा. सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात करून तेव्हा पाव शतकच झाले होते. घरातली सून पाटी घेऊन बसली तर शेजारणी खिडकीतून बघायच्या. त्यातून यांनी नुसती अक्षरओळख करून दिली नाही, तर घोड्यावर बसणे आणि हत्यार धरणेही शिकवले असे चरित्रात लिहिले आहे. नऊवारी लुगड्याचा कासोटा मारून ती बाई घोड्यावर बसायला शिकत असेल तेव्हा तिच्या मनात काय आले असेल? आपला नवरा इतर पुरुषांसारखा नाही, हे तिला तेव्हाच कळले असेल.

वासुदेवराव कचेरी सुटल्यावर तालमीत जात. लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे त्यांनी दांडपट्टा, तलवार यांचे शिक्षण घेतले. लहुजी वस्ताद मातंग समाजाचे. विद्येला जात नसते हे वासुदेवरावांनी तेव्हा ओळखले होते. मित्रांबरोबर त्यांनी पुण्यात एक शाळा काढली, त्यातूनच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ही मोठी संस्था झाली. सार्वजनिक काका जोशी यांच्या स्वदेशीच्या चळवळीतही ते होते. देशी कापड वापरायचे व्रत घेतले होते. घरातल्या पुरुषाने व्रत घेतले म्हणजे ते पाळायचे काम कोणाला पडते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग १८७६ ते १८७८ असा तो मोठा दुष्काळ पडला. दख्खनात माणसे आणि जनावरे अन्नावाचून मेली. वासुदेवराव गावोगाव हिंडले, लोकांचे हाल डोळ्यांनी पाहिले, आणि अर्जविनंत्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी घर सोडले. गोपिकाबाईंची जुन्नरला माहेरी रवानगी केली, आणि रामोशी, कोळी, धनगर अशा लोकांची फौज जमवून त्यांनी पहिला छापा धामारी या गावावर घातला. मिळालेल्या पैशातून आणखी माणसे जमवायची आणि सरकारशी लढायचे, असा त्यांचा बेत होता.

त्या बंडाची एक लाट आपल्या बाजूलाही आली. त्यांचे सेनानी दौलतराव नाईक रामोशी मे १८७९ मध्ये घाट उतरून कोकणात आले आणि पळस्पे व चिखले या पनवेलजवळच्या गावांवर छापे घातले. कर्जत-पनवेल लोहमार्गावर चिखले नावाचे स्थानक आपण पाहतो. त्या छाप्यांत मोठी लूट मिळाली. परंतु परत घाट चढून जाताना मेजर डॅनियलच्या फौजेने त्यांना गाठले. त्या लढाईत दौलतराव मारले गेले आणि बंडाचा कणाच मोडला.

इथे मी एक गोष्ट मनात न ठेवता बोलणार आहे. छापे पडले ती घरेही आपल्याच लोकांची होती. सावकाराचे घर झाले तरी त्या घरातही आमच्यासारख्या बायका होत्या. अपरात्री दार फोडून हत्यारबंद माणसे आत आली, तेव्हा पाळण्यातले पोर उराशी धरून एखादी बाई कोपऱ्यात थरथरत उभी राहिली असेल. अंगावरचा डाग द्यावा लागला असेल. बायकांना त्रास द्यायचा नाही अशी वासुदेवरावांची ताकीद होती असे सांगतात, आणि मला ते खरे वाटते. तरीसुद्धा भीती ती भीतीच. आणि दौलतराव नाईक पडले तेव्हा त्यांच्या घरीही कोणाचे तरी कुंकू पुसले गेले. फडक्यांच्या घरातल्या बायकांची निदान नावे छापली गेली. त्या रामोशी, कोळी, धनगरांच्या घरच्या बायकांचे नाव कोणी कागदावर आणले? घर म्हटले की ही सगळी घरे धरायला हवीत, म्हणून हे सांगितले.

दौलतरावांच्या मागे वासुदेवराव एकटे पडले. ते दक्षिणेत श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. मन इतके खचले होते की देवापुढे देह ठेवण्याचा विचार केला. तिथे त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. पुढे पुन्हा उमेद धरली, नवी माणसे जमवू लागले. परंतु २० जुलै १८७९ रोजी आताच्या कर्नाटकातल्या देवर नावडगी या गावी, तापाने आजारी असताना, ते पकडले गेले. पुण्याला आणून खटला चालवला. त्यांचे वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतले. अशा आरोपीच्या बाजूने उभे राहायलाही त्या वेळी छाती लागत होती. या सार्वजनिक काकांच्या पत्नीचे नावही सरस्वतीबाई. पुण्यातल्या बायकांना हळदीकुंकवाच्या निमित्ताने एकत्र बोलावून त्यांनी स्त्रियांची सभा चालवली. म्हणजे आपल्यासारख्या महिला मंडळांची ती एक पणजीच म्हणायची. नोव्हेंबरमध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला नेले. एडन म्हणजे अरबस्तानाच्या टोकाचे बंदर. तिथे त्यांनी तुरुंगाचे दार उखडून पळून जाण्याचाही प्रयत्न केला, पण परक्या मुलखात लपणार कुठे? पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला. वय अवघे सदतीस.

ही झाली इतिहासाची बाजू. आता त्याच तारखा घराच्या बाजूने मोजा. फेब्रुवारी १८७९ पासून फेब्रुवारी १८८३ पर्यंत चार वर्षे होतात. या चार वर्षांत गोपिकाबाई कोण होत्या? सवाष्ण म्हणावे तर नवरा जन्मात दिसायचा नाही. विधवा म्हणावे तर तो जिवंत आहे. सकाळी उठून कपाळाला कुंकू लावायचे आणि ते कुंकू समुद्रापार कुठल्या कोठडीतल्या माणसाच्या श्वासावर टिकलेले. सरकारचा तो दोषी, म्हणून नातलग दबकून वागायचे. हळदीकुंकवाला बोलवावे की नाही याचाही लोक विचार करीत असतील. आणि एक दिवस बातमी आली. कलेवर नाही, शेवटचे दर्शन नाही, हाडे नाहीत, नुसती बातमी. त्या बातमीवर कुंकू पुसायचे.

त्यानंतरही गोपिकाबाईंनी पुष्कळ वर्षे काढली. त्या काळच्या घरातून विधवेच्या वाट्याला काय येत असे ते आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी आपापल्या आज्यांकडून ऐकले आहे. एकवेळचे जेवण, मंगलकार्यात मागच्या दारी बसणे, सकाळी कोणाच्या समोर येऊ नये म्हणून आडोशाला होणे. ज्या बाईला नवऱ्याने वाचायला शिकवले, घोड्यावर बसायला शिकवले, तिच्याकडेही समाजाने शेवटी विधवा म्हणूनच बघायचे. वासुदेवराव सदतीस वर्षांचे आयुष्य जगून अमर झाले. ते योग्यच आहे. परंतु त्यांचे काळे पाणी तीन वर्षांत संपले, गोपिकाबाईंचे काळे पाणी घरातच होते आणि त्याला मुदत नव्हती.

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही थोर पुरुषाच्या त्यागाला कमी लेखता. तसे मुळीच नाही. दिव्याच्या ज्योतीला नमस्कार करताना समईतले तेल कोणी घातले हे आठवले, तर ज्योतीचा अपमान होत नाही. आपल्या कर्जत तालुक्यालाही असाच मान आहे. माथेरानचे भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात हुतात्मे झाले. दरवर्षी २ जानेवारीला पहाटे लोक सिद्धगडला जाऊन त्यांना वंदन करतात. तसेच १७ फेब्रुवारीला शिरढोणला वासुदेव बळवंतांचे स्मरण होते. आपण जातो, हार घालतो, मुलांना सांगतो. त्या वेळी मागे राहिलेल्या घराविषयी एक वाक्य बोलले जावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि हे थोरामोठ्यांच्याच घरचे नाही. आपल्या घरातही असेच आहे. पितृपक्षात गुरुजी श्राद्धाला बसतात तेव्हा बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे विचारतात. पुरुषांची नावे भराभर येतात. पणजीचे नाव विचारले की सोवळे नेसून बसलेला यजमान स्वयंपाकघराकडे बघतो. आत वडे तळणारी एखादी म्हातारी सासू ते नाव सांगते. ती गेली की पुढच्या वर्षी तेही सांगायला कोणी राहत नाही. शास्त्राने बायकांचे नाव मागितले आहे. विसरलो ते आपण. लग्नात नाव बदलते, म्हणजे माहेरचे नाव सासरी कोणाला ठाऊक नसते आणि सासरचे नाव माहेरी कोणी घेत नाही. दोन घरांच्या मध्ये बाई हरवते.

आपल्या तालुक्यात इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. त्या ठाकरवाडीतली घरेच्या घरे मातीखाली गेली. काही घरांत तर गेलेल्या माणसांची नावे सांगायलाही पुरते कोणी मागे उरले नाही. त्या दिवसांत आपल्या मंडळातल्या काहीजणी भाकऱ्या, लुगडी, भांडी घेऊन चौकाला गेल्या होत्या. त्यांनी परत येऊन जे सांगितले ते मी विसरले नाही. मायबाप गेलेले लेकरू आपल्या आईचे नाव सांगते ते "आई" एवढेच. तिला दुसरे नाव असते हे त्याला माहीतच नसते.

म्हणून अध्यक्षबाईंच्या परवानगीने मी आज दोन सूचना मांडते.

पहिली सूचना अशी की, मंडळाने एक जाड बांधणीची वही करावी. तिला स्मरणवही म्हणावे. प्रत्येक सभासद बाईने आपल्या घरातल्या गेलेल्या बायकांची नावे तिच्यात लिहावी. सासरचे नाव, माहेरचे नाव, माहेरचे गाव, तिथी ठाऊक असेल तर तिथी, आणि तिच्याविषयी दोन ओळी. फार मोठे लिहायचे नाही. कोणी ओव्या चांगल्या म्हणत असे, कोणी सुईणपण करीत असे, कोणी दुष्काळात आपल्या पुढचे ताट दुसऱ्याला दिले, असे जे असेल ते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहून देईन. नुसत्या आपल्या आळीचेच नको. वाडीवरच्या, पाड्यावरच्या बायकांनाही विचारू. जिच्या घरी सांगायला कोणी नाही तिचे शेजारणीने सांगावे. वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्या खर्चाने चार नावे लिहून आणीन. सरस्वतीबाई, सईबाई, मथुताई आणि गोपिकाबाई.

दुसरी सूचना थोडी कठीण आहे, आणि तिच्यावर इथे मतभेद होतील हे मला माहीत आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण यापुढे मंडळातल्या सर्व बायकांना बोलवावे. सर्व म्हणजे सर्व. नवरा असलेली, नसलेली, टाकलेली, लग्न न झालेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या चाली आपल्या गावात पाळायच्या नाहीत. पाठोपाठ राज्य सरकारनेही इतर गावांनी तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. एका खेड्याला जे जमले ते आपल्याला जमायला हरकत नाही. आपल्या मंडळात वर्गणी देणारी, पापडाचे पीठ कुटणारी, सतरंज्या अंथरणारी बाई केवळ नवरा गेला म्हणून संक्रांतीच्या दिवशी दार लावून घरात बसते. मागच्या संक्रांतीला मी तिच्या घरी तिळगूळ नेऊन दिला, तेव्हा ती म्हणाली, "तू आलीस ते बरे झाले, पण मला तिथे यायचे होते." या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. एवढा मोठा हुतात्मा आपल्या शेजारचा म्हणून आपण अभिमान बाळगायचा, आणि त्याची बायको आज असती तर तिला आपल्या हळदीकुंकवाला बोलवायचे नाही, हे मला पटत नाही. तुम्हालाही मनातून पटत नसेल.

ज्येष्ठ बायकांना मी हात जोडून सांगते, यात देवाधर्माला बाध येत नाही. कुंकू हे नवऱ्याच्या आधी देवीचे आहे. लहान मुलगी कुंकू लावते तेव्हा तिला कुठे नवरा असतो? जिला लावायचे नसेल तिच्यावर जबरदस्ती नाही. तिला फूल द्यावे, तिळगूळ द्यावा, शेजारी बसवून घ्यावे. बोलावणे मात्र प्रत्येकीला जावे. कोणाच्या मनाची तयारी व्हायला वेळ लागेल. लागू दे. यंदा दोन बायका आल्या तर पुढच्या वर्षी चार येतील.

मी फार वेळ घेतला. ज्या घराविषयी बोलले त्या घराचे दर्शन आपण सर्वांनी मिळून घ्यावे अशी माझी इच्छा आहे. येत्या १७ फेब्रुवारीला मंडळातर्फे एस.टी.ची गाडी ठरवून शिरढोणला जाऊ. डबे बरोबर घेऊ. वासुदेव बळवंतांना हार घालू, आणि बरोबर हळदकुंकवाची एक पुडी व खणाचे एक कापड नेऊ. ते त्या घराच्या उंबऱ्यावर ठेवून चौघींची नावे मोठ्याने घेऊ. ज्यांना यायचे आहे त्यांनी आजच कार्यवाहबाईंकडे नाव द्यावे, म्हणजे गाडी किती माणसांची करायची ते ठरवता येईल.

 मंडळाला नवे वर्ष सुखाचे आणि कामाचे जावो.